दोन दीर्घिकांचं कोलम

जयवंतीबाई भौतिकशास्त्र शिकवायला उभ्या राहिल्या की वर्गातला पंखा बंद पडला तरी मुलींच्या ध्यानात येत नसे. टी. नगरच्या भर बाजारपेठेतल्या मुलींच्या शाळेत त्यांची सारी हयात गेली. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, बोलणं मराठीत सुरू होऊन तमिळमध्ये संपणारं, आणि वेड आकाशाचं. शाळेत त्यांनी आकाश मंडळ काढलं होतं. त्याला एक चिमुकली खोली होती, तिच्या भिंतींवर दीर्घिकांची चित्रं होती आणि शाळा सुटल्यावर तिथे मुलींची झुंबड उडायची.

२००९ साल आलं. जगभर खगोलशास्त्राचं वर्ष साजरं होत होतं आणि नेमकं त्याच वर्षी बाईंना निवृत्त व्हायचं होतं. मंडळ चालवायला दुसरी कोणी तयार झाली तर ठीक, नाहीतर खोली शिवणवर्गाला जाईल, असं हेडमिस्ट्रेसनी गोड शब्दांत सांगून टाकलं. बाईंनी सगळ्यांना विचारून पाहिलं. कोणाच्या मुलांच्या परीक्षा होत्या, कोणाचे गुडघे दुखत होते. राहता राहिली स्वरदा. ही नाशिकची, नवरा सिरुसेरीत सॉफ्टवेअरमध्ये, शाळेत नुकतीच लागलेली. मला धड तमिळ येत नाही आणि आकाशातलं ओ की ठो कळत नाही, असं म्हणून तिनेही अंग काढून घेतलं.

आता आशा होती ती विज्ञान प्रदर्शनाची, ते पाहून तरी कोणी मंडळ हाती घेईल. बाईंनी चंगच बांधला. दोन दीर्घिकांची टक्कर पटांगणात काढायची, तीही कोलममध्ये, म्हणजे इकडच्या तांदळाच्या पिठाच्या रांगोळीत. आधी दोघी एकमेकींकडे ओढल्या जातात, मग आरपार जातात, त्या ओढाताणीत ताऱ्यांच्या लांबच लांब शेपट्या बाहेर भिरकावल्या जातात आणि शेवटी दोघींची मिळून एकच मोठी, गोलसर दीर्घिका होते. हे सांगताना बाईंचे हात असे फिरत की समोरच्याने चहाचा कप जरा दूरच धरावा.

स्वरदाने आपलं विचारायचं म्हणून विचारलं, की एवढी टक्कर झाल्यावर तारे फुटत असतील ना. बाईंना तेवढंच हवं होतं. त्या म्हणाल्या, सूर्य मोहरीएवढा धर आणि तो दाणा टी. नगरात ठेव. शेजारचा दाणा येईल पार महाबलिपुरमला, पन्नासेक किलोमीटरवर. मग तारे आपटणार कुठून? आदळतात ते वायूचे ढग, आणि ते दाबले गेले की नव्या ताऱ्यांचं पेवच फुटतं. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यासुद्धा एकमेकींकडे निघाल्या आहेत. स्वरदा हातातल्या वह्या विसरून ऐकत राहिली. मंडळाचं मात्र तिने नाव काढलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मुली बाईंनी काढून दिलेलं चित्र समोर ठेवून ओलं पीठ घेऊन बसल्या. कीर्तना त्यांची म्होरकी, बोटांत जादू असलेली. बाई पाहुण्यांना घ्यायला फाटकाशी गेल्या आणि परत येऊन पाहतात तर काय, शेपट्या गायब! मुलींनी प्रत्येक शेपटी सुबक वळवून पुन्हा दीर्घिकेत नेऊन मिळवली होती. कीर्तनाने मोठ्या अभिमानाने सांगितलं की चित्रातल्या रेघा उघड्याच राहिल्या होत्या, मिस्, आम्ही त्या नीट केल्या. कोलमची रेघ उघडी ठेवू नये, ती अशुभ, हे या मुली आईच्या कडेवर असल्यापासून ऐकत आलेल्या.

पीठ वाळलेलं, पाहुणे दारात. बाई रागावणार एवढ्यात स्वरदाने दबकत विचारलं, की बाहेर फेकलेले तारे खरंच परत येत नाहीत का?

बाई थबकल्या. येतात की! शेपटीचा जवळचा भाग पुन्हा दीर्घिकेत कोसळतो, दूरचं टोक तेवढं कायमचं निघून जातं. म्हणजे पोरींचं निम्मं बरोबरच होतं. त्यांना एकदम हसू फुटलं.

“अर्धं तसंच असूं दे मा,” त्या म्हणाल्या, “टोकाचं वळण मात्र पुसून काढा, टोक उघडंच असूं दे.”

मुलींनी ओल्या फडक्याने वळणं पुसली आणि शेपट्या मोकळ्या केल्या. स्वरदाने विचारलं, खरी शेपटी केवढी असते? अख्ख्या दीर्घिकेहून कितीतरी लांब, असं बाई म्हणाल्या मात्र, स्वरदाने कोरड्या पिठाची बादलीच उचलली. पदर खोचून ती रेघ ओढत निघाली ती पटांगण ओलांडून, फाटकातून थेट फुटपाथवर. मागे कीर्तना, तिच्यामागे मुलींची पलटण. साड्यांच्या पिशव्या सांभाळत चाललेल्या बायका थांबल्या. फाटकातून कोलम बाहेर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. हे कुठून आलं ते बघायला त्या रेघेमागून आत शिरल्या, आणि बघता बघता पटांगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. हेडमिस्ट्रेस स्वतः गर्दी आवरत होत्या.

बाईंना आनंद आवरेना. त्या धापा टाकत फुटपाथवर गेल्या. तिथे स्वरदा एका फुलवालीला मोडक्यातोडक्या तमिळमध्ये देवयानी समजावून सांगत होती. क्रियापदं सगळी चुकत होती आणि फुलवाली तोंडाचा आ वासून ऐकत होती. बाईंना पाहताच स्वरदा पिठाने माखलेला हात हलवत म्हणाली,

“बाई, पुढच्या वर्षी शेपटी पार सिग्नलपर्यंत नेऊ या.”

“पुढच्या वर्षी मी नाही मा.”

“मी आहे ना,” स्वरदा म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिला मागाहून कळलं. पण शब्द तिने मागे घेतला नाही. जयवंतीबाई भर टी. नगरात, सगळ्यांदेखत, पदर डोळ्यांना लावून रडल्या.