आईच्या गाण्यातल्या बाया

माझी आई बायबल बाई होती. हे काम आता कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगावं लागतं. धुळ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीनं, म्हणजे चर्चनं, तिला गावोगावच्या बायकांना येशूची गोष्ट सांगायला नेमलं होतं. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि उपदेशक सगळे पुरुष. ते चावडीपुढे बोलत. मागच्या अंगणात, चुलीपाशी त्यांना कोण जाऊ देणार? तिथं आई जायची. साक्रीपर्यंत एसटीनं, पुढं पायी.

वडील मी फार लहान असतानाच गेले, त्यामुळे सुट्टीत ती मला बरोबर नेई. ती बायकांच्या शेजारी बसायची, त्यांच्या सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला घ्यायची आणि हात चालू असतानाच गायला लागायची. गाणी तिची स्वतःची, अहिराणीतली, जात्यावरच्या ओव्यांच्या चालीत. चर्चला आम्ही देऊळ म्हणायचो. देवळातल्या गायनपुस्तकाची भाषा त्या बायकांना कळत नसे, म्हणून तिनं ही गाणी रचली. ती कागदावर कधीच उतरली नाहीत.

एक गाणं बायका पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. ‘सकायले बाया गयात, गडी लपनात घरमा.’ येशूला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे कबरीकडे बायका गेल्या आणि पुरुष शिष्य भीतीनं दारं लावून बसले, ही त्यातली गोष्ट.

एका गावात एका बाईनं हातातली शेंग तशीच धरून विचारलं, “गडी लपनात? खरंच?”

“खरंच. पुस्तकमा शे,” आई म्हणाली.

“मंग बायास्नी जे देखं, ते गडीस्नी मानं का?”

“नही मानं.”

“आमनाकडे बी तसंच शे,” ती बाई म्हणाली आणि अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या. आईही हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी देवळात कधी पाहिलं नव्हतं.

हे काम चालवणाऱ्या परदेशी मिशनरी मॅडम मायदेशी परतल्या तसं बायबल बाईचं काम बंद झालं. तिच्याबरोबर हिंडलेल्या उपदेशकांना मंडळीनं पाळक करून घेतलं. आईला एका रविवारी उपासनेनंतर सांगितलं, की बाई, तुम्ही आता थकलात, आराम करा. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. पुढं तिनं शिवणावर घर चालवलं, मला शिकवलं. मी जळगावला शाळेत शिक्षिका झाले, तिथंच लग्न झालं. आई धुळ्यातच राहिली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या मंडळीचा जुबिली महोत्सव ठरला. नवे पाळक तरुण होते, बाहेरगावाहून आलेले, हौशी. त्यांनी खानदेशी गीतांची कॅसेट काढायची ठरवली. म्हाताऱ्या बायकांना बोलावून त्यांच्याकडून जुनी गाणी म्हणवून घेतली. आईनं सगळी दिली, एकही मागे ठेवलं नाही. मी शनिवारी आले तेव्हा तिनं नवी साडी काढून ठेवली होती. मुंबईच्या स्टुडिओत आपल्यालाही नेतील, असं तिला वाटत होतं.

नेलं नाही. गायला मंडळीतले चार पुरुष गेले, हार्मोनियम आणि तबल्यासह.

कॅसेट आली तेव्हा मी धुळ्यातच होते. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून आम्ही ऐकायला बसलो. चाल तिचीच होती. शब्द मात्र शुद्ध करून घेतले होते. ‘प्रभातकाळी शिष्य गेले प्रभूच्या कबरीपाशी.’ बाया नव्हत्या. लपलेले गडीही नव्हते. कव्हरवर पाळकांचा फोटो, गायकांची नावं आणि गीतांपुढे ‘पारंपरिक’ एवढाच शब्द.

आईनं गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “मनं गानं मालेच वळखू नही उनं.” स्वतःचंच गाणं तिला ओळखू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाळकांकडे गेलो. त्यांनी आदरानं बसवलं, चहा मागवला.

आई म्हणाली, “पाळकसाहेब, कबरीकडे पहिल्यांदा बायका गेल्या होत्या. शास्त्रातच आहे.”

“आहे ना बाई. पण शिष्य म्हटलं की त्यात बायकाही आल्याच.”

“आणि ही गाणी आईनं रचलीत,” मी म्हणाले. “पारंपरिक नाहीत.”

ते समजुतीनं हसले. “गाणी देवाची असतात. बाईंना नावाची हाव असेल असं मला नाही वाटत.”

आई आणखी बोलली तर हाव ठरली असती. तिनं चहा संपवला, कपबशी नीट ठेवली आणि उठली.

जुबिलीच्या दिवशी मंडळीचा इतिहास वाचून दाखवला. पहिले मिशनरी साहेब, मग दुसरे, मग देशी पाळक, सगळे नावानिशी, कोणी विहीर खोदली, कोणी शाळा काढली ते. शेवटी एक वाक्य होतं, की या कार्यात अनेक भगिनींनीही हातभार लावला. आई बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती. तिनं मान वर केली नाही. नंतर कॅसेटमधलं ते गाणं सुरू झालं. आजूबाजूच्या सगळ्या गात होत्या, तिचे ओठ मिटलेले. त्या दिवसानंतर ती गायलीच नाही, घरी पण नाही. मी तिला जळगावला आणलं, खूपदा विनवलं. ती म्हणायची, “राहू दे, बाई. आता कुणाला सांगायचंय?”

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती गेली. दफन धुळ्यात केलं. कबरीवर माती पडत असताना मंडळीनं तेच गाणं म्हटलं, कॅसेटमधलं. आमची बाई होती म्हणून प्रेमानंच म्हटलं. तोवर पाळक बदलले होते. मी त्यांना सकाळीच विनंती केली होती, हे गाणं तिचं आहे एवढं सांगा. ते म्हणाले होते, “ताई, कॅसेटवर तर पारंपरिक लिहिलंय. खात्री नसताना मी कसं सांगू?”

पुढच्या उन्हाळ्यात मी साक्रीच्या पुढं, जिथं अंगणातल्या बायका हसल्या होत्या त्या गावी गेले. गावात निदान एकीला तरी मूळ शब्द येत असतील, अशी आशा होती. शेंगा फोडणाऱ्या बायकांपैकी एक अजून होती. डोळ्यांनी अधू झालेली, पण आईचं नाव काढताच तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. मी म्हटलं, “अक्का, ते बायांचं गाणं म्हणता?”

तिनं लगेच म्हटलं. प्रभातकाळी शिष्य गेले.

मी म्हणाले, “हे नाही. आई म्हणायची ते.”

“ते जुनं चुकेल व्हतं म्हने,” ती म्हणाली. “कॅसेट उनी, मंग समदास्नी नीट शिकी लिधं.”

तिनं भाकरी खाऊन जा म्हटलं, मी खाल्ली.

परतीच्या एसटीत मी आईची बाकीची गाणी आठवायला बसले. दोन आठवली. तिसऱ्याची चाल आठवली, शब्द नाहीत. धुळ्याला उतरेपर्यंत प्रयत्न केला, आणि पुढं कितीतरी वर्षं. बाकीची नाही आठवली.