टोपणाला अकरा भोकं

बीकरवर ताणून बसवलेल्या प्लास्टिकच्या कागदाला मी सुईनं अकरा भोकं पाडली होती. तेच त्याचं टोपण. आतलं अल्कोहोल त्या भोकांतून सावकाश उडतं, द्रावण घट्ट होतं आणि तळाशी स्फटिक वाढतो. अकरा भोकं, तीस अंश तापमान, अडतीस दिवस. भोकं वाढवली की काम लवकर होतं, पण मग माझं संयुग वेगळ्याच रचनेत गोठतं, आणि ती रचना माझ्या कामाची नव्हती. मला हवा असलेला स्फटिक डोळ्यांना न दिसणारा लेसर आत घेतो आणि हिरवा प्रकाश बाहेर टाकतो. तेवढं दाखवायचं आणि प्रबंध द्यायचा. पीएच.डी.ची तिसरी आणि शेवटची मुदतवाढ चालू होती. माझं वय एकोणपन्नास.

राजारामपुरीतल्या घरातून मी शिकवतो त्या कॉलेजात रोज दोनदा जायचो, रविवारीसुद्धा, आणि वहीत तापमान लिहायचो. लग्नं चुकवली, एक बारसं चुकवलं. दसऱ्याला बायकोच्या माहेरी, शाहूवाडीकडं जायचं होतं. "तुमच्याशिवाय ते आटत नाही का?" तिनं विचारलं. आटतं. म्हणून दोन दिवस गेलो.

निघताना प्रयोगशाळेतल्या मामांनी अडवलं. मामा आमचे शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. खंडेनवमीची पूजा कशाकशाची करू, असं विचारत होते. आदल्या वर्षी एक उपकरण पूजेतून राहिलं आणि महिन्याभरात बंद पडलं, ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. मी घाईत होतो. सगळ्याची करा म्हणालो.

परत आलो तर टोपणावर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल. द्रावण किंचित पिवळं दिसत होतं. उजेडामुळं असेल असं मी ठरवलं. स्फटिक मात्र सुरेख वाढला, चौदा मिलिमीटरचा. अडतिसाव्या दिवशी तो काढला, त्यातला अर्धा कापून चुरा केला आणि दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत चाचणीला पाठवला. हळदीबद्दल तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही.

निकाल आला. हिरवा प्रकाश मिळाला होता, तुलनेसाठी ठेवलेल्या क्षाराच्या एक पूर्णांक सहा पट. माझ्या मार्गदर्शकांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. चहा पिऊन मी उरलेला तुकडा अतिनील दिव्याखाली धरला. तो फिकट हिरवा चमकला. शुद्ध संयुग असं चमकत नाही. हळद चमकते. म्हणजे त्या एक पूर्णांक सहामध्ये स्फटिकाचं किती आणि हळदीचं किती, हे सांगता येत नव्हतं. हळदीचं शून्यही असेल. पण तेही मला माहीत नव्हतं.

मार्गदर्शक माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी मलाच सर म्हणतात. "आकडा आलाय ना, सर? मग लिहा. हळदीचं कोण विचारणार आहे?"

मुदत संपली की नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात, हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. सात वर्षं मीही मोजली होती. आकडा लिहिला तर रोज त्याच्याकडं बघायचं, नाही लिहिला तर प्रबंध नाही. मी तो लिहिणार नाही, एवढंच त्यांना सांगून बाहेर आलो.

मामा दारातच होते. त्यांनी ऐकलं होतं.

"सर, माझ्या हळदीनं घात केला व्हय?"

"सगळ्याची करा, असं मीच म्हणालो होतो, मामा."

"चिमूटभरच लावलती की." त्यांनी चिमटीकडं बघितलं. "जपून लावलती."

मुदतीचे एकतीस दिवस उरले होते. स्फटिकाला अडतीस लागतात. सात दिवस कमी. हिशेब केला तर साडेतेरा भोकं पाडली की ते एकतीस दिवसांत बसत होतं. वजाबाकी आणि भागाकार मी दोनदा करून बघितला. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

नवा बीकर धुतला, द्रावण गाळून ओतलं, वर कागद ताणून बसवला. मामा शेजारी उभे राहून भोकं मोजत होते. दहा झाली. मग अकरावं पाडलं आणि सुई मामांकडं दिली. ती त्यांनी स्वतःच्या सदऱ्याला टोचून ठेवली.

वहीत पहिल्या दिवसाचं तापमान लिहिलं. तीस.