महिलागृहातला पुकारा

फिनाईलचा उग्र वास आला की मला बुलढाण्यातलं एक सरकारी महिलागृह आठवतं. मी तेव्हा कोर्टात पुकारा करणारा शिपाई होतो आणि हायकोर्टाच्या आदेशावरून आमच्या न्यायाधीश मॅडम तिथे तपासणीला गेल्या, तेव्हा मलाही सोबत नेलं होतं. फरशी ओली, चादरी कोऱ्या, भिंतीलगत बसवलेल्या बाया मुक्या. "कोणाची काही तक्रार?" मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं, पण मागे अधीक्षक बाई हसत उभ्या असताना कोण बोलणार? मॅडम जायला उठल्या. आता, न्यायाधीश हलले की ओरडायचं ही माझी खोड. मी छाती फुगवून पुकारलं, "कोनी राह्यलं असन तं हाजीर हो!" मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात जिन्याखालच्या कुलूपबंद दारावर आतून धाडकन लाथ बसली. "मी राह्यली! मले मारून कोंडलं हो!" मी शूरासारखा धावलो, तर दाराशी उभ्या असलेल्या रखवालदारणीने किल्ल्यांचा जुडगा थेट माझ्या तोंडावर हाणला. "तुले काऊन बोंबलाचं होतं बे?" माझा दात तिच्या पायाशी पडला. मग त्या मुक्या बायाच उठल्या, तिला केस धरून आडवं केलं, किल्ल्या हिसकावल्या. दार उघडलं. आतल्या पोरीचा डोळा सुजून मिटला होता, पाठ पट्ट्याने सोललेली. मी मॅडमची माफी मागू लागलो. त्या म्हणाल्या, "थांबू नका. प्रत्येक दारापुढे पुकारा." रक्त थुंकत, बोबडं ओरडत मी फिरलो. आज घरात माझा आवाज चढला की बायको दटावते. तिला काय सांगू, त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आणखी एका दारातून 'ओ' आली होती.