अक्कांचं नॉर्मल रक्त

माझ्या सासूबाईंना एका लॅबनं नॉर्मल ठरवलं आणि पुढं बरेच दिवस आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही.

मी बेळगावची. लग्न होऊन आले ती पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरात. त्यांच्या बोलण्यात निम्मं कन्नड आणि माझ्या नाकावर कायम राग. अक्कांचं आणि माझं आमटीतल्या मिठावरूनही वाजायचं. एका बाबतीत मात्र दोघी गप्प असायचो. माझी तीन बाळं पोटातच गेली होती. कारण कुणाला सापडत नव्हतं. मला मूल हवं होतं, इतकं की रस्त्यात कुणाच्या कडेवर बाळ दिसलं तरी मी मान फिरवायची.

मग नव्या डॉक्टरबाईंनी एक वेगळीच तपासणी लिहून दिली. फॉस्फोलिपिड नावाच्या, शरीरातल्याच एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध माझ्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्यात का, ते बघायचं होतं. इंदिरानगरच्या लॅबमध्ये अक्का माझ्याबरोबर आल्या. टेक्निशियननं रक्त काढलं, यंत्रात फिरवून त्यातलं पिवळसर पाणी वेगळं केलं, ते गोठवणारं औषध घालून नळी कोमट पाण्यात धरली आणि स्टॉपवॉच लावून ती सारखी कलती करून बघत बसला. गोठायला फारच वेळ लागला. आता त्यात निरोगी माणसाच्या रक्तातलं तसलंच पाणी मिसळून बघायचं होतं. एरवी लॅबमधलीच माणसं रक्त द्यायची, पण त्या दिवशी निम्मी लॅब तापानं घरी झोपली होती.

"माझं घ्या की, अण्णा," म्हणत अक्कांनी हात पुढं केला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लग्नात पत्रिका जुळवली, आता रक्त जुळवायला लागलेत बघ. सरी, बरं, ते पण होऊन जाऊ दे."

त्यांचं एकटीचं रक्त बघता बघता गोठलं. अक्का पहिल्या नंबरानं पास झाल्यासारख्या ताठ बसल्या. मग दोघींचं एका नळीत मिसळलं. टेक्निशियन नळी कलती करतोय, आत सगळं पातळच. "अजून स्वल्प थांबा," अक्का त्यालाच समजावत होत्या. शेवटी त्यानं नाही म्हणून मान हलवली. रिक्षात बसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "जुळलं नाही ग."

डॉक्टरबाई मात्र रिपोर्ट बघून खूश. माझ्या रक्तात काही कमी असतं, तर अक्कांच्या रक्तानं ते भरून काढलं असतं, म्हणाल्या. तसं झालं नाही, म्हणजे माझ्या रक्तात गोठणं अडवणारं काहीतरी आहे आणि ते अक्कांच्या रक्तालाही अडवतंय. नळीत उशिरा गोठणारं हे रक्त अंगात मात्र नको तिथं गोठतं, बाळाला पोसणाऱ्या वारेतसुद्धा. आणि त्यावर औषध आहे.

आजार सापडला म्हणून माझ्याएवढी आनंदलेली बाई डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच पाहिली असेल. अक्कांनी तर गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. काही आठवड्यांनी खात्रीसाठी पुन्हा तपासणी होती. तोवर लॅबमधली माणसं बरी होऊन कामावर आली होती, पण अक्का ठेवणीतली साडी नेसून हजर. दुसऱ्या कुणाचं रक्त त्यांनी घेऊच दिलं नाही. निकाल तोच आला. तेव्हापासून कुठल्याही भांडणात त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "मी नॉर्मल आहे, लॅबनं सांगितलंय."

पुन्हा दिवस राहिले. रोज एक छोटी गोळी आणि पोटावर इंजेक्शन. ते द्यायला अक्का नर्सकडून शिकल्या. "बेळगावचं कातडं, सुई वाकायची," असं म्हणत इतक्या हलक्या हातानं टोचायच्या की मी हसत असतानाच काम झालेलं असायचं. आमची भांडणंही त्या महिन्यांत मजेची झाली.

मुलगी झाली. एवढीशी, काळीसावळी, आवाज मात्र सगळा वॉर्ड उठवणारा. अक्कांनी तिला घेतलं, नीट न्याहाळलं, नाक माझ्यावर गेलंय म्हणून तोंड वाकडं केलं. मग तिला माझ्या कुशीत ठेवलं आणि खिडकीशी जाऊन हुंदके देऊन रडायला लागल्या.

"अक्का, बाळ बरं आहे ना?"

"ती बरी आहे ग," त्या म्हणाल्या. "आधीच्या तिघांसाठी रडायचं राहिलं होतं. तुझ्यासमोर कसं रडणार होते?"