उजेड न पाडणारा कॅमेरा

श्रीगोंद्यातली संगीत सभा दरवर्षी एका मंगल कार्यालयात भरते. कार्यालयाचे मालक हेच सभेचे अध्यक्ष. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. बातमी आणि फोटो दोन्ही माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी त्या सभेत एक ज्येष्ठ गायक डोळे मिटून आलाप घेत होते. मी पहिल्या रांगेपुढे गुडघा टेकून फ्लॅश मारला. त्यांनी डोळे उघडले आणि गाणं थांबलं. चूक माझी होती. ती कबूल करायला सवड मिळाली नाही, कारण अध्यक्षांनी माईक हातात घेतला होता.

"पेपरवाले, विजा पाडायच्या तर उसात जाऊन पाडा. इथं गाणं चाललंय. तिकडं मागं, चपलांपाशी उभं राहा."

सभागृह हसलं. मी मागे गेलो आणि कार्यक्रम संपेपर्यंत चपलांपाशी उभा राहिलो. एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गाणं सुरू होण्याआधी त्याच फ्लॅशसमोर अध्यक्षांनी गायकांना तीन वेळा शाल पांघरली होती. पहिल्या दोन फोटोंत त्यांचे स्वतःचे डोळे मिटले होते.

पुढे ते वाक्य तालुक्यात फिरलं. तहसील कचेरीत, बाजार समितीत, चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "आज कुठं उभं राहणार? चपलांपाशी का?" मीही हसायचो. अध्यक्षांनी नंतर जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून सभेत फ्लॅशला पूर्ण बंदी. हा निर्णय ते जिथं बोलायला उठत तिथं सांगत. मला पुढच्या वर्षी त्याच जागी, पहिल्या रांगेपुढे, गुडघा टेकून बसायचं होतं. आणि अध्यक्षांना सगळ्यांसमोर उभं करायचं होतं. कसं, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

हातातला कॅमेरा या कामाचा नव्हता. फ्लॅश बंद केला की एक तर फोटो हलायचा, नाही तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवून चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे यायचे. नगरमध्ये वापरलेल्या कॅमेऱ्यांचं एक दुकान आहे. दुकानदाराला सांगितलं, अंधारात गाणारी माणसं टिपायची आहेत आणि चाळीस हजारांच्या वर जाता येणार नाही. त्याने दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक मोठ्या सेन्सरचा, जुना, जड. दुसरा लहान सेन्सरचा, आत आरसा नसलेला. मोठा घेतला तर उरलेल्या पैशात साधी झूम लेन्सच येत होती, जिचं तोंड अंधारात पुरेसं उघडत नाही. लहान घेतला तर पन्नास मिलिमीटरची, १.८ पर्यंत उघडणारी लेन्स बसत होती.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढायला सांगितलं. दिवे बंद केले आणि देवाच्या तसबिरीपुढच्या लाल बल्बच्या उजेडात दुकानदाराचा चेहरा दोन्हींनी टिपला. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत चेहरा हलला होता. लहानाच्या फोटोत दुकानदाराच्या भुवईवरचा व्रण दिसत होता.

"बॉडी जुनी होते साहेब, लेन्स होत नाही," दुकानदार म्हणाला. मग त्याने लहान कॅमेऱ्यातली एक सोय दाखवली. ती चालू केली की खटका अजिबात वाजत नाही. दोष एकच: रंगीत एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. तिथेच दिवे लावून अर्धा तास घालवला. शटर एक शतांश सेकंदावर ठेवलं की पट्टे जात होते. पण एक शतांशावर गाणाऱ्याचा हात हलतो. तरी लहानच घेतला.

उत्तर मिरजगावात मिळालं. तिथल्या एका देवळात संध्याकाळी भजन असतं. कळकट ट्यूबलाइट एक, माणसं पंधरा. मी महिनाभर जात राहिलो. ताल मोजायला शिकलो. समेवर आलं की गाणारा क्षणभर स्थिरावतो. हात वर थांबतो, मान खाली येते. तेवढ्यात बटण दाबलं तर एक शतांश पुरतं. गाण्याची आवड म्हणून मी हे शिकलो नाही.

तिथेच दुसरी गोष्ट कळली. एका म्हाताऱ्या टाळकऱ्याचे मी सहा फोटो काढले. भजन संपलं तरी तो टाळ छातीशी धरून माझ्याकडे बघत ताठ बसून होता. शेवटी म्हणाला, "दादा, काढताय का नुसतं बघताय?"

काढले, म्हटलं.

"उजेड तर पडला न्हाई." त्याचा विश्वास बसेना. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला, तेव्हा त्याने टाळ खाली ठेवले. "मोबाईलचं येगळं. पेपरवाल्याचा उजेड पडल्याबिगर हालायचं न्हाई, आसं हाय आमचं."

खरं आहे. आमच्या भागात सत्कार हा फोटोसाठी थांबतो. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, धनादेश, काहीही असो. देणारा आणि घेणारा दोघंही वस्तूला धरून कॅमेऱ्याकडे बघतात आणि उजेड पडेपर्यंत कोणी सोडत नाही. फ्लॅश नसेल तर फोटोग्राफर मान हलवून झालं म्हणतो. परत येताना गाडीवर मी ठरवलं की मान हलवायची नाही.

पुढच्या सभेला मी लवकर जाऊन पहिल्या रांगेपुढे बसलो. अध्यक्षांनी पाहिलं, कॅमेऱ्यावर फ्लॅश नाही याची खात्री केली आणि ते खुर्चीवर जाऊन बसले. त्या वर्षी एक वयस्क गायिका होत्या. मी तास-दीड तास समा मोजल्या. एका समेवर त्यांचा हात उघडा थांबला, डोळे अर्धे मिटले आणि बाजूचा जांभळा दिवा फक्त गालाच्या कडेवर आला. माझ्या आतापर्यंतच्या कामात त्याहून चांगला फोटो नाही. खटका कोणाला ऐकू गेला नाही.

मध्यंतराआधी सत्कार. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ पुढे केला. गायिकांनी हात लावला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्याच सेकंदात मी तीन फोटो काढले. मग कॅमेरा डोळ्याला तसाच लावून ठेवला आणि अधूनमधून आणखी काढत राहिलो.

अध्यक्ष हसत राहिले. हसू हळूहळू कडक झालं. नारळ हवेत होता. फोटोंवरच्या वेळेनुसार हे एक्केचाळीस सेकंद चाललं. मागून, चपलांच्या बाजूने, कोणी तरी म्हणालं, "अध्यक्ष, सोडा की नारळ." एक रांग हसली, मग सगळ्या.

"काढा की हो," अध्यक्ष म्हणाले. ते मला म्हणाले होते, पण गायिकांचा माईक चालू होता.

मी कॅमेरा खाली घेतला. "फ्लॅशला बंदी आहे, अध्यक्ष. फोटो झाला मघाशीच."

हशा बराच वेळ थांबला नाही. गायिकांनी नारळ स्वतःच ओढून घेतला, मागे तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीकडे दिला आणि त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या. वयाने सत्तरीच्या पुढच्या. एक्केचाळीस सेकंद त्याही उभ्या होत्या. हे माझ्या लक्षात नंतर आलं. आधी आलं असतं तरी मी मान हलवली नसती.

मी नगरला पेपरच्या कचेरीत दोन फोटो पाठवले, समेवरचा आणि शेवटच्या सेकंदातला सत्काराचा. सत्काराचा दोन कॉलम छापून आला. समेवरचा जागेअभावी राहिला. तो अजून माझ्याकडेच आहे. सत्काराच्या फोटोखालच्या ओळीत चुकीचा एकही शब्द नव्हता. अध्यक्षांनी फोन केला नाही.

मला आता "चपलांपाशी का?" असं कोणी विचारत नाही. अध्यक्ष मात्र कुठेही सत्काराला उठले की मागून कोणी तरी नारळ सोडायला सांगतं. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेच्या कार्यक्रमात ते व्यासपीठावर होते आणि मी समोर. त्यांनी पुष्पगुच्छ घेतला, माझ्याकडे बघायचं टाळून पुढे केला आणि लगेच सोडला. घेणाऱ्याचे हात अजून पोचले नव्हते.

गुच्छ जमिनीला टेकायच्या आत मी बटण दाबलं.