एक माणूस, एक मशीन

आमच्या गल्लीत बातमी आली ती अशी, की कुलूपराव फुटले. व्हॉल्व्हच्या कारखान्यातल्या दोनशे चाळीस माणसांपैकी एकशे साठ घरी जाणार, आणि कुलूपराव मात्र रोज दुपारी रोजगार खात्याच्या बाईंसमोर बसून चहा पितात, हळू आवाजात काहीतरी सांगतात, बाई लिहून घेतात. म्हणजे काय ते समजा. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता त्यांचं नवं पदसुद्धा जाहीर करून टाकलं. गालाला साबण लागलेला माणूस उलट विचारत नाही, म्हणून सलूनमधल्या बातम्या इतक्या ठाम असतात.

यातला चहा तेवढा खरा. बाकी सगळं उलटं होतं. कुलूपराव एकवीस वर्षांपूर्वी स्वतःच मारलेली एक गाठ सोडवायला तिथे बसत होते, आणि ती सुटत नव्हती.

तरुणपणी हा माणूस बोलका होता, नको इतका. कारखान्यात लेथवर होता. तेव्हाही एकदा माणसं कमी करायची वेळ आली होती. साहेब मशीनमशीनवर फिरले. खांद्यावर हात ठेवायचे आणि हसून विचारायचे, "काय हो, शेजारचं मशीन सांभाळता येतं का?" यांनी छाती काढून सांगितलं, "सांभाळायचं काय, दोन्ही लेथ एकाच वेळी फिरवून दाखवतो." दाखवलेही. आठ दिवसांनी शेजारच्या लेथवरचा माणूस घरी गेला. त्याला काम करताना शीळ घालायची सवय होती. ती शीळ बंद झाली, आणि हळूहळू यांचं तोंडही. कुलूप हे नाव तेव्हाचं.

तोंड मिटण्याआधी मात्र त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांकडून एक शब्द घेतला. एक माणूस, एक मशीन. कुणीही विचारलं तरी दुसरं येत नाही म्हणायचं. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून तो पाळला गेला. पुढची एकवीस वर्षं त्या कारखान्यात कुणालाच शेजारचं मशीन येत नव्हतं, आणि प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्यांना सगळं येत होतं. ड्रिलवाला तापाने पडला तरी ड्रिल फिरत असायचं. मिलिंगवाला मुलीला दवाखान्यात घेऊन गेला तरी त्याचा माल वेळेवर पेटीत पडायचा. कोण करतं हे कुणी पाहत नसे. साहेबांची पावलं वाजली की जो तो आपल्या जागी, चेहऱ्यावर असा साळसूद भाव, की जन्मात दुसऱ्या मशीनचं बटण पाहिलेलं नाही.

यंदा कारखान्याची फेररचना निघाली. तीनपैकी दोन शेड बंद. सरकारने या वेळी शहाणपण केलं होतं, हे कबूल करायला हवं. कंपनीने आठ महिने आधी कळवायचं, कारखान्याच्या आतच एक खोली द्यायची, तिथे खात्याची बाई बसणार, प्रत्येकाला काय काय येतं त्याचं पत्रक बनवणार, आणि कामाच्या वेळेतच पुढचं शिक्षण. प्रथमोपचाराची खोली रिकामी करून बाईंना दिली गेली. पोरं त्या खोलीला वधूवर सूचक मंडळ म्हणायला लागली. "काय रे, स्थळ आलं का?" "आलं, पण पत्रिका मागतायत."

पत्रिकेतच घोळ झाला. बाई चांगल्या होत्या, अक्षर सुंदर होतं, प्रश्न सरळ होता, "तुम्हाला कुठली कुठली मशीनं येतात?" पण बाईंच्या शेजारच्या खुर्चीत कंपनीचे सुपरवायझर साक्षीला बसलेले. त्यांना पाहताच एकशे साठ माणसांनी एकवीस वर्षांचं पाठ केलेलं उत्तर दिलं. एक. फक्त एक. बाईंनी सुंदर अक्षरात तसं लिहिलं आणि खाली सह्या घेतल्या.

दोन महिन्यांनी फलकावर कागद लागला. नदीपलीकडच्या नव्या कारखान्याला चाळीस माणसं हवी होती. चार महिने पगारी शिक्षण, मग कायम. अट एकच, पत्रकावर निदान दोन प्रकारची मशीनं हवीत. कुलूपरावांनी तो कागद तीनदा वाचला आणि तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले.

त्याच दुपारी ते बाईंसमोर जाऊन बसले आणि एकवीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं बोलले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ही सगळी पत्रकं खोटी?"

"एक सोडून."

"कुणाचं?"

"माझं. मला खरंच लेथशिवाय काही येत नाही."

बाईंना ते खरं वाटेना. पण खरं होतं. नियम ज्याने केला त्याने एकट्याने तो प्रामाणिकपणे पाळला. बाकीचे शेजाऱ्याच्या मशीनवर हात चालवत तेव्हा हा माणूस पाठ फिरवून उभा राहायचा.

बाईंनी तोड काढली. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत ज्याला हवं त्याने येऊन पत्रक दुरुस्त करावं, मशीनवर करून दाखवावं, सही करावी. कुलूपराव म्हणाले, "त्या सुपरवायझरना तेवढं बाहेर बसवा." बाई म्हणाल्या, "दुरुस्तीला कंपनीचा साक्षीदार लागतो, नियम आहे. मी वर लिहिते."

त्या वर लिहीत राहिल्या आणि हे खाली सांगत राहिले. ज्याने आयुष्यभर गप्प बसायला शिकवलं तो आता बोला बोला म्हणत हिंडतोय, यावर विश्वास कोण ठेवणार? कॅन्टीनमध्ये हे बसले की बाक रिकामं व्हायचं. एकाने तर तोंडावर विचारलं, "कुलूपराव, किल्ली कुणाकडे दिली?" तरी तेरा जणांनी जीव मुठीत धरून सह्या केल्या.

त्या तेरांत मेव्हणा नव्हता. कुलूपरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ, ड्रिलवर होता. त्याला ड्रिल येत होतं, मिलिंग येत होतं, ग्राइंडर येत होता, आणि गिअर कापायचं मशीन तो असं चालवायचा की बाकीचे हातातलं टाकून बघत बसायचे. घरात दोन लहान मुली. नव्या कारखान्याने चाळीसच्या जागी एकच माणूस मागितला असता तरी तो हाच असता. कुलूपरावांना यादीत बाकी कुणी नाही आलं तरी चाललं असतं. हा यायला हवा होता, कारण बारावीनंतर त्याचा हात धरून त्याला कारखान्यात आणणारे तेच, आणि पहिल्याच दिवशी नियम कानात सांगणारेही तेच.

त्याला रविवारी जेवायला बोलावलं. जेवण होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग बहिणीनेच काढला.

"अरे, एक सही करायला काय होतं तुला?"

"ताई, सही माझी, पण नोकरी कुणाची जाणार ते सांग."

"कुणाची जाणार?" कुलूपराव म्हणाले. "सगळेच जातोय आपण."

"तिसरी शेड राहणार आहे ना, भावोजी? तिथे आपल्यातल्या काहींना घेतील अशी आशा आहे. उद्या साहेब म्हणतील, हा एकटा चार मशीनं ओढतो, यालाच घ्या, मिलिंगवाला, ग्राइंडरवाला, गिअरवाला तिघंही नकोत. तुम्ही एकाला घालवलंत, तर एकवीस वर्षं धड बोलला नाहीत. मी तिघांना घालवून कसा राहू?"

"या वेळी तसं नाही. कायदा वेगळा आहे, बाई सरळ आहेत."

"तेव्हाचे साहेबही हसूनच विचारत होते, असं तुम्हीच सांगितलंत मला."

बायको ताटं उचलत म्हणाली, "अहो, तुम्ही त्याला इतकं चांगलं शिकवायला नको होतं." ती हसेल असं वाटलं, पण हसली नाही.

सोमवारी बाई स्वतः शेडमध्ये आल्या. कागद नाही, पेन नाही, नुसत्या खांबाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी गिअरवाला आला नव्हता. मेव्हण्याने इकडेतिकडे पाहिलं, सुपरवायझर दिसले नाहीत, तसा तो त्या मशीनवर गेला आणि तासभर त्याचे हात थांबले नाहीत. बाईंनी सगळं पाहिलं. जाताना कुलूपरावांना म्हणाल्या, "मी पाहिलंय, पण माझं पाहणं धरत नाहीत. सही त्याची हवी." डोळ्यांनी दिसलेली गोष्ट कागदावर येईपर्यंत कशी अडाणी होते, हे त्या शिकलेल्या बाईंनाही त्या दिवशी नव्याने कळलं असावं.

शुक्रवार उजाडला. दुपारी चारला खोली बंद होणार होती. साडेतीनला कुलूपरावांनी लेथवरून मान वर केली तर मेव्हणा हात पुसत खोलीकडे निघालेला. मेव्हणा दारापर्यंत गेला. दार अर्धं उघडं होतं. आत बाई होत्या, आणि शेजारच्या खुर्चीत सुपरवायझर. सुपरवायझर बिचारे कंटाळून बसले होते. दारात माणूस पाहून त्यांना बरं वाटलं, आणि ते हसून म्हणाले, "या, या."

ते हसले नसते तर कदाचित काम झालं असतं. मेव्हणा क्षणभर थांबला, "काही नाही, पाणी प्यायला आलो होतो," म्हणाला आणि परत फिरला. लेथवरून कुलूपरावांनी हाक मारली. आवाज शेडच्या आवाजात बुडाला, का मेव्हण्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते त्यालाच ठाऊक.

साक्षीदाराची गरज नाही, असं वरून पत्र आलं ते पुढच्या सोमवारी. तोवर यादी निघाली होती. तेरा जण आपले, सत्तावीस बाहेरचे. तिसऱ्या शेडने कुणालाच जास्तीचं घेतलं नाही, आणि ते तिघंही मेव्हण्याबरोबरच घरी गेले.

आता मेव्हणा एका गोदामात खोकी चढवतो. गिअर कापणारे ते हात दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावतात. तो बहिणीकडे येतो, भावोजींशी हवापाण्याचं बोलतो, रागाचा एक शब्द काढत नाही. काढला असता तर कुलूपरावांना सोपं गेलं असतं. ते स्वतः घरीच असतात. बावन्नाव्या वर्षी एकट्या लेथवाल्याला कोण विचारतो? सकाळी सवयीने सहाला उठतात, दाढी करतात, आणि मग पुढे काय करायचं ते आठवत नसल्यासारखे खिडकीत बसतात. सलूनवाल्याने आपली बातमी कधीच मागे घेतली नाही.

चार महिन्यांनी बाई घरी आल्या. खात्याला पुढच्या कारखान्यांसाठी धोरण सुधारायचं होतं, म्हणून घरोघर जाऊन विचारणं चाललं होतं. बाईंनी चहा नको म्हटलं, मग घेतला. एकेक प्रश्न विचारत शेवटच्या प्रश्नावर आल्या. कामगारांची तयारी किती आधीपासून सुरू व्हायला हवी होती? खाली तीन चौकोन होते, सहा महिने, आठ महिने, एक वर्ष.

कुलूपरावांनी कागद हातात घेऊन तिन्ही चौकोन पाहिले आणि परत दिला.

"बाई, तिथं एकवीस वर्षं लिहा. आम्ही पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं, त्या दिवशी कुणी येऊन का म्हणून विचारलं असतं, तर पुरलं असतं."