शनिवारचा कातळ

अकरा वर्षं चांदसाहेब वानरांमागं हिंडला, पण एकाही वानराला त्यानं कधी शेंगेचं टरफल टाकलं नाही. अभ्यासाचा नियमच तसा होता. दहिवडीजवळच्या डोंगरावरची टोळी काय खाते, कोण कुणाशी भांडतं, कोण कुणाच्या उवा काढतं, हे लांबून बघायचं आणि दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं. सातवी शिकलेला माणूस, पण फाटक्या कानाच्या वानरीला, कानफाटीला, पिल्लू कवा झालं हे त्याला घरच्या लेकरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक.

यंदा पुण्याहून मयूरीताई वह्या तपासायला आल्या आणि एका जागी अडल्या.

"चांदभाई, सात वर्षं दर शनिवारी सकाळी टोळी मारुतीच्या देवळामागच्या कातळावर. इतर दिवशी नाही. वानरांना वार कळतो?"

"मी बघितलं ते लिवलं, ताई."

"पुण्याच्या आमच्या सरांना वाटतंय, शनिवारी तुम्ही घरी बसून मागचंच उतरवता. तसं असेल तर सगळ्याच वह्या बाद होतील."

तो उठला तो देवळाशेजारच्या विनोदिनीवहिनींच्या ओट्यावर येऊन बसला. रोज पाणी प्यायची त्याची तीच जागा.

"आवं चांदभाई, तोंड का उतरलंय? वानरानं थोबाडीत दिली का काय?" वहिनी हसत म्हणाल्या.

त्यानं सगळं सांगितलं. वहिनींचं हसू मावळलं. त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी चांदसाहेब मयूरीताईंच्या खोलीत बसला होता, तेव्हा वहिनी आल्या. काखेत लाल फडक्यात बांधलेल्या स्वतःच्या रोजनिशीच्या वह्या.

"माझ्या सईला लहानपणी झटके यायचे. मारुतीला बोलले हुते, दर शनिवारी दिवस उगवायच्या आत कातळावर गूळ-फुटाणे ठेवीन, आन् कुणाला सांगणार न्हाई. चांदभाई येईस्तोवर दाणा उरायचा न्हाई. सांगितलं की नवस मोडतो म्हणतात."

"मग आज का सांगितलंत?"

"खऱ्या माणसाला खोटं ठरू दिलं, तर मारुतीला कुठल्या तोंडानं हात जोडू?"

ताईंनी दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्या. वहिनींच्या रोजनिशीत तीन शनिवार आटपाडीला माहेरी गेल्याचे होते; त्या तिन्ही शनिवारी चांदसाहेबानं लिहिलं होतं: 'कातळावर आले. हुंगलं. लगेच गेले.'

ताईंनी वह्या मिटल्या आणि म्हणाल्या, "चांदभाई, चुकले मी. शनिवारी त्यांना बाहेरचं खाणं मिळत होतं, तेवढे शनिवार वेगळे काढू. बाकी एक ओळ हलणार नाही."

बाहेर आल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "आता वानरांना घालायचं न्हाई. मग नवसाचं कसं?"

"वहिनी, शाळंतली पोरं काय वानरापेक्षा कमी हायत व्हय? त्यास्नी द्या."

पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेतली पोरं वहिनींच्या ओट्यावर ओंजळी पुढं करून कालवा करत होती. वर कातळावर टोळी आली, हुंगलं, कानफाटीनं दोनदा खाली पाहिलं, आणि सगळी डोंगरात गेली. चांदसाहेबानं तेवढंच लिहिलं. वही मिटली आणि वहिनींच्या दाराकडं वळून, त्या बघत नव्हत्या तरी, उजवा हात छातीवर ठेवला.